आईंचा डबा आणि चार व्होल्ट

रेगेन्सबर्गमधल्या एका कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये मी गाड्यांच्या बॅटऱ्या मुद्दाम बिघडवते. त्यांना तापवते, दाबते, त्यांच्यात खिळे घुसवते आणि मग त्या किती भडकतात ते मोजून अहवाल लिहिते. सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "आणि याचा पगार देतात?" नवऱ्याचं म्हणणं असं की माझ्या स्वभावाला साजेसं काम जगाच्या पाठीवर कुठेतरी मिळणारच होतं, ते बवेरियात मिळालं. तो असं म्हणतो तेव्हा मी चिडते, आणि मी चिडले की तो म्हणतो, "बघ."

नवऱ्याला हॉस्टेलपासून सिगारेटची सवय होती. सासरे फुफ्फुसांच्या आजाराने गेले, आमच्या लग्नाच्याही आधी, आणि त्याचं कारणही तंबाखूच होतं. हे सगळं ठाऊक असलेला, एरवी शहाणासुरता, कंपनीत वीस माणसं हाताखाली असलेला हा गृहस्थ बर्फात बाल्कनीत उभा राहून फुंकायचा. मी काचेच्या दाराआडून बघायची आणि मला त्याची भीती वाटायची. त्याची म्हणजे, तो नसण्याची. भीती वाटली की मला राग येतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला फक्त रागच यायचा.

त्याने च्युइंगगम चघळून पाहिलं, दंडाला पट्ट्या चिकटवून पाहिल्या. शेवटी वाफेच्या यंत्रावर, म्हणजे व्हेपवर आला. त्यातही दुकानात मिळणाऱ्या तयार कॉइलचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं, आणि त्याचं जमेना. आठवड्याभरात ती जळकी लागायची, मग दुकान बंद असलेल्या रविवारी हा नाक्यावरच्या मशीनमधून पाकीट काढून यायचा. वाफ म्हणजे काही तुळशीचा काढा नाही, हे मलाही कळतं. पण मी हिशेब सोपा ठेवला होता: सिगारेट नको, बाकीचं नंतर बघू.

मग त्याने कुठेतरी पाहिलं की लोक कॉइल घरीच वळतात. बारीक तार घ्यायची, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीभोवती पाच-सहा वेटोळी घ्यायची, ती यंत्रात बसवायची, मधून कापूस ओवायचा, तो वाफेच्या रसात भिजवायचा, झालं. वळायला बसला की त्याचे हात गुंतायचे, आणि गुंतलेल्या हातांना सिगारेट आठवायची नाही. खरं औषध त्या वाफेपेक्षा या वळण्यात होतं, असं माझं मत आजही आहे.

पण पहिल्या दिवशी त्याने जे यंत्र घरी आणलं ते पाहून माझा पारा चढला. ती एक पितळी नळी होती. आत सेल घालायचा, खालचं बटण दाबायचं, सेल सरळ कॉइलला जोडला जायचा. मध्ये कुठे अडवणारं काही नाही, मोजणारं काही नाही, चूक झाली तर बंद करणारं काही नाही.

"हे परत कर," मी म्हणाले.

"अगं, चार व्होल्ट आहेत! चार! कल्याणच्या घरी इस्त्रीने मला दोनशे तीसचे झटके दिलेत. लहानपणी आम्ही चौकोनी बॅटरी जिभेला लावून बघायचो."

"आणि त्यावरून तुला वाटतं की तुला वीज कळते."

"मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर आहे."

"होतास. वीस वर्षं झाली. आता तू मीटिंगा घेतोस."

हा गैरसमज मला लॅबमध्ये नव्याने आलेल्या आपल्या पोरांमध्येही दिसतो. आपण ज्या घरांत वाढलो तिथे वीज म्हणजे शॉक. फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या, पावसाळ्यात ओल आलेली भिंत, गीझर बंद केल्याशिवाय आंघोळीला जाऊ नकोस असं आईचं ओरडणं. त्यामुळे ज्याचा शॉक बसत नाही ते निरुपद्रवी, हे डोक्यात पक्कं बसतं. हातात धरलेला सेल कधीच शॉक देत नाही, म्हणून तो गरीब वाटतो. पण त्याच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर तो सगळी ताकद एकदम सोडून देतो, आणि मग शॉकचा प्रश्नच उरत नाही, आगीचा येतो.

त्या संध्याकाळी मी त्याला जेवणाच्या टेबलाशी बसवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भरलेला सेल म्हणजे चार पूर्णांक दोन व्होल्ट. कॉइलचा रोध अर्धा ओहम असेल तर साधारण साडेआठ अँपिअर वाहतील. रोध ओहमचा पाचवा भाग केलास, तर एकवीस. तुझ्या सेलवर जास्तीत जास्त म्हणून लिहिलंय वीस. आता सांग, कोण रडणार?

"सेल," तो म्हणाला.

"सेल रडत नाही. सेल फुटतो. रडणार मी."

तेव्हा तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती नळी परत केली आणि आत चिप असलेलं, रोध मोजून दाखवणारं, शॉर्ट असेल तर पेटायला नकार देणारं यंत्र आणलं. दुकानातल्या निळ्या केसांच्या बाईने म्हणे त्याला विचारलं, परत का करताय? त्याने सांगितलं, बायको बॅटऱ्या फोडते. तिने लगेच पैसे मोजून परत दिले.

मग माझ्या अटी सुरू झाल्या. नवी कॉइल बसवली की बटण दाबायच्या आधी रोध मोजायचा, आणि आकडा उड्या मारत असेल तर स्क्रू सैल आहे असं समजायचं. तारेची कापलेली टोकं आत पडली असतील तर उलटं करून झटकायची. कॉइलचा पाय कडेच्या धातूला टेकत नाही ना, हे डोळे फाडून बघायचं. लाल झालेली कॉइल सारखी करायची ती चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्याने, स्टीलच्या नाही. कापूस नंतर, आधी कोरडी कॉइल हलकेच तापवून मधून बाहेर सारखी उजळते का ते बघायचं. चार्जर लावून घराबाहेर जायचं नाही.

सेलच्या बाबतीत तर मी अगदीच खाष्ट. सेलचं सगळं अंग मायनस असतं, प्लस फक्त डोक्यावरची टिकली, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम एक पातळ चकती. वरून जे रंगीत प्लास्टिकचं वेष्टन असतं ते शोभेचं नाही, तोच त्याचा जीव वाचवणारा सदरा आहे. तो टिकलीपाशी फाटला की सेल बाद. नवऱ्याने एकदा फाटक्या वेष्टनाला सेलोटेप लावून काम भागवायचं ठरवलं होतं, आपल्याकडे रिमोटला लावतात तसं. मी तो सेल त्याच्यासमोर उचलला आणि जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत नेऊन टाकला. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर ठेवायचा नाही, त्याची जागा म्हणजे टक्कन बंद होणारी प्लास्टिकची पेटी. शिवाय बाल्कनीत बादलीभर कोरडी वाळू, बाउमार्क्टमधून, म्हणजे बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून, मी स्वतः उचलून आणलेली. त्या बादलीवरून त्याने माझी यथेच्छ थट्टा केली. पाहुण्यांना सांगायचा, आमच्याकडे चौपाटी आहे.

असं सव्वा वर्ष गेलं. सिगारेट सुटली. शनिवारी सकाळी तो टेबलावर सामान मांडायचा, मान वाकवून वळत बसायचा आणि मधूनच जर्मनांसारखं "आल्झोऽऽ", म्हणजे 'तर मग', म्हणायचा. मी पलीकडे पेपर वाचायची. संसारात याहून मोठं सुख मागू नये असं मला तेव्हा वाटायचं, आणि मी ते त्याला कधी सांगितलं नाही.

मग मे महिन्यात आई यायचं ठरलं. म्हणजे सासूबाई. नगरपालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय चहा न घेणाऱ्या, आणि कोणाच्याही घरी पोचल्यावर तासाभरात ओट्याचा ताबा घेणाऱ्या. मला त्या फार आवडतात. तिकीट काढल्यावर नवऱ्याने जाहीर केलं, "आई आहे तोवर हे सगळं बंद."

"बंद म्हणजे?"

"केलरमध्ये, खाली तळघरात ठेवतो. आईसमोर कसं करणार?"

"तू चव्वेचाळीस वर्षांचा आहेस."

"आईसमोर नाही."

आपल्याकडे हे असंच असतं. घराचं कर्ज फेडलं, केस पांढरे झाले, तरी आईच्या पुढ्यात धूर सोडायचा नाही. नशा न करण्याचं पाचवं शील ती रोज म्हणते, तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने बसू, असं तो म्हणाला. मला त्याचं मनही कळत होतं. पण वळायचं बंद झालं की हात मोकळे होणार होते, आणि मोकळ्या हातांनी तो कुठे जातो हे मी काचेच्या दाराआडून बघितलं होतं. मी म्हटलं, सरळ सांगून टाक. तो म्हणाला, बघू. त्याचं बघू म्हणजे नाही.

आई आल्या. आल्याबरोबर त्यांनी राउखमेल्डरला, म्हणजे छतावरच्या धूर ओळखणाऱ्या भोंग्याला, फोडणीच्या वेळी टॉवेलने वारा घालायची युक्ती माझ्याकडून शिकून घेतली. शेजारच्या आजींशी मराठीतून बोलून मैत्री केली. बाल्कनीत गेल्या आणि माझी वाळूची बादली पाहून खूश झाल्या. "अगं, समुद्रमेथीसाठी वाळू आणलीस? शहाणी बाई!" चार दिवसांत त्या वाळूतून मेथीचे कोवळे कोंब डोकावले. नवऱ्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. वाळू कशासाठी आहे हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

दोनेक आठवड्यांनी मला पेपरमिंटचा वास येऊ लागला. तो ऑफिसातून आला की पेपरमिंट. कचरा टाकून आला की पेपरमिंट. काचेच्या बाटल्या टाकायला आमच्या कोपऱ्यावरच्या कंटेनरपाशी जायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागायला लागला. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि ते मला ऐकवलं नसतं. पण मी आतून जळत होते. सव्वा वर्ष माझ्या डोळ्यांसमोर वाया चाललं होतं आणि त्याचं कारण होतं मेथी पेरणारी एक प्रेमळ बाई, जिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या शनिवारी छान ऊन पडलं होतं. असं ऊन दिसल्यावर आमच्या आईंना एकच सुचतं: लोकरीचं उन्हाला घालायचं. मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते, नवरा बाटल्यांची पिशवी घेऊन खाली गेला होता, आणि आई पॅसेजमधल्या कपाटाचे खण उपसत होत्या. हातमोजे, टोप्या, मफलर बाल्कनीत गेले. मग त्या हातात काहीबाही घेऊन आत आल्या, ओट्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या आणि खुडबुड करू लागल्या. मी वळून पाहिलं नाही. आई आवरतात तेव्हा आपण बघायचं नसतं, नाहीतर आपल्यालाही आवरावं लागतं.

"काय सुरेख पेटी आहे गं," त्या म्हणाल्या. "टक्कन बंद होते. माझ्या बीपीच्या गोळ्यांना अगदी मापाची. हे बाकीचं मी माझ्या चटणीच्या डब्यात ठेवलं बघ. एका जातीचं एका ठिकाणी राहतं. प्लास्टिकपेक्षा स्टील बरं."

"हो," मी म्हटलं. माझं लक्ष फोडणीत होतं.

मग झाकण दाबून बसवल्याचा आवाज आला. कल्याणहून लसणाची चटणी भरून आणलेला तो छोटा डबा होता, घट्ट झाकणाचा, घासूनपुसून लख्ख केलेला. मिनिटभर काही नाही. मग आई म्हणाल्या, "अगो बाई, हा डबा गॅसजवळ होता का? हाताला चटका बसला."

गॅस आमच्याकडे नाही. शेगडी विजेची, आणि डबा तिच्यापासून हातभर लांब होता.

"आई, काय ठेवलंय त्यात?"

"सेल गं. मोज्यांच्या खणात होते. टॉर्चचे असतील. उभे रचले नीट, वर तो चिमटा ठेवला."

त्या क्षणी मी लॅबमध्ये होते. उभे सेल, म्हणजे बुडाशी मायनस, स्टीलवर. डोक्याशी प्लस, त्यावर आडवा पडलेला, कापूस ओढायचा स्टीलचा चिमटा. त्यावर दाबून बसवलेलं झाकण, आणि झाकण डब्याला टेकलेलं. जगात कुठल्याही माणसाने इतका नीटनेटका शॉर्टसर्किट बनवला नसेल. आमच्या लॅबमध्ये तो जुळवायला अर्धी सकाळ जाते.

"आई, मागे व्हा! मागे! हॉलमध्ये जा!"

त्या माझ्या सासूबाई आहेत, मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता कधी. त्या गेल्या. मी सांडशी उचलली, डब्याची कड पकडली, कोपराने बाल्कनीचं दार उघडलं आणि डबा फरशीवर ठेवून सांडशीच्या टोकाने झाकणाला खालून फटका दिला. झाकण उडालं. झाकण गेलं की वाट तुटते, हे मला ठाऊक होतं. पण तापलेला सेल वाट तुटल्यावरही ऐकेलच असं नाही, हेही ठाऊक होतं. सगळा डबा मी मेथीच्या बादलीत उपडा केला, हाताने वाळू लोटली आणि आत येऊन काचेचं दार लावून घेतलं.

मग फुस्स असा आवाज झाला, कुकर शिट्टी द्यायच्या तयारीत असतो तसा. वाळूतून पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि दाराच्या फटीतून नेलपॉलिशसारखा वास आला. चारांतला एक सेल गेला होता. मी फोनवर एकशे बारा टाकून अंगठा तयार ठेवला. दुसरा सुटला असता तर फायर ब्रिगेडच बोलावणार होते. धूर दाट झाला, मग विरळ झाला, मग थांबला. शेजारच्या बाल्कनीतून आजींनी हाक मारली, "आलेस इन ओर्डनुंग?" सगळं ठीक आहे ना?

"जा, जा!" मी ओरडले. हे जर्मन 'जा' होतं, म्हणजे हो. पण आईंना ते मराठी वाटलं आणि त्या शेजारणीच्या वतीने दुखावल्या. "अगं, असं काय बोलतेस त्यांना?" धूर निघणाऱ्या बादलीसमोर मी खदाखदा हसायला लागले आणि थांबेचना. मग त्या डब्याचं झाकण आणखी पाच मिनिटं घट्ट राहिलं असतं आणि आईंनी तो छातीशी धरून कपाटात ठेवायला नेला असता तर, हा विचार आला आणि हसू थांबलं.

तेवढ्यात नवरा आला. पेपरमिंटचा वास घेऊन. त्याने बाल्कनी पाहिली, बादली पाहिली, मला पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. आधी आईच्या हाताकडे धावला. बोटांवर लाल चट्टा होता, बाकी काही नाही. मी आईंना नळाखाली हात धरायला लावला होता.

"कसले सेल होते रे ते?" आईंनी हात पाण्याखाली धरूनच विचारलं.

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. सव्वा वर्ष, केलरमध्ये ठेवतो म्हणून मोज्यांत लपवलेले सेल, पेपरमिंट, सगळं. मी बोलले असते तर त्याला फक्त मान खाली घालायची होती. पण हे त्याने सांगायला हवं होतं, नाहीतर आई विमानात बसेपर्यंत तो कंटेनरपाशी उभा राहिला असता आणि नंतरही राहिला असता.

"टॉर्चचे," तो म्हणाला.

मी डोळे मिटले.

"टॉर्च कुठे आहे?" आई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. "दाखव."

  मग त्याने नळ बंद केला, पॅंटच्या खिशात हात घातला, अर्धं संपलेलं पाकीट काढलं आणि ओट्यावर, वांग्यांच्या देठांशेजारी ठेवलं.

"मी सिगारेट ओढायचो, आई. हॉस्टेलपासून. मग सोडली. हे सेल, ती तार, ते सगळं सोडण्यासाठीच होतं. तू येणार म्हणून लपवलं. आणि मग..." तो थांबला. "दोन आठवड्यांपासून परत ओढतोय. खाली जाऊन."

मला वाटलं आई रागावतील. किंवा रडतील. त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने हात कोरडा करत राहिल्या.

"कॉलेजातून सुट्टीला यायचास तेव्हा तुझे शर्ट मीच धुवायचे," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचेही. खिशातली तंबाखूची भुकटी आधी झटकायचे आणि मग भिजवायचे. त्यांना वाटायचं, हिला माहीत नाही. मला वाटायचं, पुरुषमाणूस आहे, राहू दे मान. आजारपण कळलं तेव्हा दवाखान्यात मला म्हणाले, तुला सांगायचं राहून गेलं. अरे, मला माहीतच होतं. पण मी माहीत असल्याचं बोलले असते तर त्यांनी माझ्यापाशी एकदा तरी म्हटलं असतं, सुटत नाही गं. मग काहीतरी केलं असतं दोघांनी मिळून." त्यांनी डोळे पुसले. "मला तुझ्याकडून तसला मान नको."

नवरा त्यांच्यासमोर फरशीवर बसला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी वांग्यांकडे वळले, कारण मलाही रडू येत होतं आणि भाजीही लागत होती. दोन्ही खरं आहे.

उरलेले तीन सेल मी दिवसभर वाळूत ठेवले. त्यांच्या दोन्ही टोकांना टेप लावून, फुटलेल्या चौथ्यासकट, नगरपालिकेच्या भंगार-संकलन केंद्रावर नेऊन दिले. नवरा म्हणाला होता, तीन तर बरे दिसतायत. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मेथी गेली. आईंना तिचंच जास्त वाईट वाटलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरली. फक्त या वेळी कुंडीत, वाळू वेगळी ठेवून.

पुढच्या शनिवारी टेबलावर सामान पुन्हा मांडलं गेलं. नवे सेल, नवी पेटी, कारण जुनीत बीपीच्या गोळ्या होत्या आणि आई ती द्यायला तयार नव्हत्या. त्या चष्मा लावून त्याच्या शेजारी बसल्या. "मला काहीच येत नाही असं समजून सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

तो सांगू लागला. आई, हा सेल. याचा शॉक बसत नाही, म्हणूनच याला भ्यायचं. हे सगळं अंग मायनस, आणि प्लस फक्त ही टिकली. मी पेपरच्या आडून ऐकत होते. माझीच वाक्यं होती, टिकलीसकट, माझ्याच चिडक्या सुरात. त्याने तार वळली, बसवली, स्क्रू आवळले. बटणाकडे अंगठा गेला तशा आई म्हणाल्या, "आधी माप ना! आत्ताच काय म्हणालास?" त्याने मुकाट्याने मापलं. आकडा स्थिर होता. मग बटण दाबलं आणि कॉइल मधून बाहेर, सगळीकडे सारखी, लालसर उजळली. आई "अय्या!" म्हणून लहान मुलीसारख्या पुढे वाकल्या, आणि मी पेपर खाली ठेवला.

सगळं झाल्यावर त्यांनी रसाची बाटली उचलून बघितली. "यात ते निकोटीन असतं ना? किती आहे?"

"सहा मिलिग्रॅम," तो म्हणाला. "आधी बारा होतं."

"मी पुढच्या वर्षी येईन तेव्हा तीन कर."

"करतो, आई."

"करतो म्हणू नकोस." त्यांनी बाटली परत त्याच्या हातात दिली, आणि त्याचा हात आपल्या हातात तसाच धरून ठेवला. "तीन झालं तर तीन सांग. सहाच राहिलं तर सहा सांग. परत सिगारेट ओढलीस तरी फोन करून सांग. मी रागावेन. तरी सांग."